निसर्गरेखन आणि टीका

चित्र काढावयास शिकणे म्हणजे हात वळविणे, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून सर्वसाधारण समजूत आहे. एखाद्या मुलाने पाहुण्यांसमोर झरझर गणपती काढून दाखविला, की "ह्याचा हात फार चांगला आहे" असे आपण म्हणतो. "ह्याचा डोळा चांगला आहे" असे कोणी म्हटलेले निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. ही समजूत किती अपुरी आहे हे कळावयास आम्हांस वयाची पन्नाशी ओलांडावी लागली, आणि तेही एका कडुलिंबाच्या डहाळीने कळविले. प्रस्तुत लेखाचा विषय ती डहाळी हा आहे. ओघाने, निसर्गातील वस्तू पाहून रेखाटण्याचे शिक्षण आपल्याकडे कसे दिले गेले व दिले जाते हाही आहे. आणि सर्वांत अधिक, ज्या क्रियेस आपण टीका म्हणतो ती क्रिया हा आहे. ज्या वाचकांस चित्रकलेची विशेष गोडी नाही त्यांनीही लेख बाजूस सारू नये, अशी विनंती आहे. ज्या घरात शाळेचा निबंध लिहिणारे एखादे मूल आहे व तो तपासणारे एखादे वडील माणूस आहे, त्या घराशी ह्या विषयाचा संबंध पोचतो.

भडगाव हे गिरणेच्या काठचे तालुक्याचे गाव. कपाशी आणि केळी ह्यांच्या भावाची चर्चा येथे जितक्या तन्मयतेने चालते तितकी कलेची चालत नाही, व ह्यात गावास काही कमीपणा आहे असे आम्ही मानीत नाही. येथील एका शाळेतील चित्रकलाशिक्षक आमचे स्नेही आहेत. वयाने आमच्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. दर रविवारी सकाळी सात-आठ मंडळी त्यांच्या ओसरीवर जमतात. त्यांत तीन शाळकरी मुले, एक कापड-दुकानदार, दवाखान्यातील एक परिचारिका, आणि शेतकीचा अभ्यासक्रम पुरा करून घरची शेती पाहणारा एक तरुण, अशी सरमिसळ आहे. रीत अगदी साधी. मध्ये एक वस्तू ठेवावयाची: डहाळी, शेंग, बोंड, नदीतला गोटा, क्वचित् मेलेला टोळ. अर्धा तास सर्वांनी ती पाहून काढावयाची. रबर वापरावयाचे नाही. मग सगळे कागद भिंतीशी ओळीने उभे करावयाचे, त्यांच्या शेजारी ती वस्तू ठेवावयाची, आणि एकेका कागदाविषयी बोलावयाचे. आम्ही प्रथम गेलो ते प्रेक्षक म्हणून, थोड्या कौतुकाने व, खरे सांगावयाचे तर, थोड्या वडीलकीच्या भावनेने. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी आमच्या हाती कागद दिला.

त्या दिवशी कडुलिंबाची डहाळी होती. ह्यात अवघड ते काय, असे आमच्या मनात आले. पाडव्यास गुढीला बांधलेला व गुळाबरोबर चावून गिळलेला कडुलिंब आम्ही जन्मापासून ओळखतो. अंगणात झाड आहे. आम्ही मधोमध एक रेघ ओढली, तिच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर टोकदार पाने काढली, शेंड्यास एक पान बसविले, प्रत्येक पानास बरोबर मध्यावर शीर दिली. चित्र नीटस दिसत होते. ते पाच मिनिटांत संपले, आणि उरलेली पंचवीस मिनिटे आम्ही इतरांच्या पाठीमागे उभे राहून घालविली.

बोलण्याची वेळ आली तेव्हा मास्तरांनी आमच्या चित्रास चांगले म्हटले नाही की वाईट म्हटले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "सर, शेंड्याचे पान कोठे आहे?" आम्ही चित्रातील पानाकडे बोट दाखविले. ते म्हणाले, "कागदावरचे नव्हे, डहाळीवरचे." आम्ही डहाळी हाती घेतली. मधल्या दांड्याच्या टोकाशी पान नव्हतेच. शेवटची दोन पाने दोहो अंगांस गेली होती व त्यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा होती. दुसरा दांडा पाहिला, तेथेही नव्हते; तिसऱ्यावर एक होते. "बरे, पाने समोरासमोर आहेत का?" नव्हती, बहुतेक जोड्यांत एक पान किंचित् पुढे तर दुसरे किंचित् मागे होते. "पानाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का?" ह्या प्रश्नास आम्ही मनातून हसलो, आणि पाहतो तो शीर पानाच्या मधोमध नव्हतीच. पान विळ्यासारखे एका अंगास वळलेले, देठाजवळ त्याची एक बाजू खाली उतरलेली व दुसरी अलीकडेच थांबलेली, आणि कडेला करवतीचे दाते. (शास्त्राप्रमाणे आपण ज्यास पान म्हणतो ती पर्णिका होय, व सबंध दांडा मिळून एक पान होते, हेही त्याच दिवशी आम्हांस त्या शेतकीवाल्या तरुणाकडून कळले.) पन्नास पाडवे आम्ही जे पान खाल्ले ते आम्ही कधी पाहिलेच नव्हते. कागदावर होते ते कडुलिंबाचे पान नव्हे. 'पान' ह्या शब्दाचे ते चित्र होते.

येथे दोष हाताचा नव्हता. हाताने सांगितलेले काम चोख केले होते. सांगणारे मन चुकले होते. आणि मनाचाही अपराध फार मोठा म्हणता येणार नाही, कारण व्यवहारास वस्तूचे नाव पुरते. बाजारास निघालेला मनुष्य वाटेतील प्रत्येक झाडाचे प्रत्येक पान न्याहाळू लागला तर भाजी घरी केव्हा यावयाची? नाव कळले की डोळा पुढे सरकतो. ही एक काटकसर आहे व तिच्यावाचून संसार चालणार नाही. परंतु रेखाटावयास बसलो म्हणजे हीच काटकसर आड येते. डोळ्याने पाहून मनास कळवावयाचे, त्याऐवजी मनच डोळ्यास आधी सांगून मोकळे होते.

ह्यावर कोणी म्हणेल की वस्तूचे ज्ञान वाढविले म्हणजे अशा चुका टळतील. आम्हांसही तसेच वाटले होते. पण पुढे एका रविवारी कपाशीचे उमललेले बोंड ठेवले होते, तेव्हा त्या शेतकीवाल्या तरुणाचीच फजिती झाली. बोंडाची त्याला खडान् खडा माहिती. बाहेरची तीन दातेरी पाने, आतले कप्पे, कप्प्यांतून बाहेर आलेला कापूस, सारे त्याने काढले होते. बोंडास पाच कप्पे होते, त्याच्या चित्रातही पाच होते. परंतु तो जेथे बसला होता तेथून तीनच दिसत होते! मास्तरांनी त्याला उठवून समोरच्या बाजूस बसविले आणि आता किती दिसतात ते विचारले. तेथून चार दिसत होते. अजाण मनुष्य नावाचे चित्र काढतो, जाणता मनुष्य व्याख्येचे काढतो. समोरची वस्तू दोघांच्याही हातून निसटते.

शास्त्रासाठी काढलेल्या चित्रांची निंदा करण्याचा हेतू ह्यात नाही. पुण्याजवळ दापोडी येथे पूर्वी सरकारी वनस्पति-उद्यान होते. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन ह्यांनी १८४७ ते १८५० ह्या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तेथील झाडाझुडपांची चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानात जतन केलेली आहेत. शास्त्रास हवी असते ती वनस्पतीची जात. चित्रकारापुढे असते ती एकच डहाळी, तिचे एखादे पान किड्याने खाल्लेले, एखादे उन्हाने वळलेले. ह्या दोहोंचा मेळ घालणे हीच त्या धंद्यातील कसोटी, आणि दापोडीच्या त्या माणसास ती वर्षानुवर्षे द्यावी लागली. गिब्सनसाहेबांचे नाव राहिले, झाडांची लॅटिन नावे राहिली. ज्याने पाहिले त्याचे नाव मात्र मागे राहिले नाही.

आता टीकेविषयी. निसर्गरेखन नुसत्या सरावाने साधत नाही. अक्षर घोटून वळते हे खरे. पण चुकीचे वळण घोटले तर तेच पक्के होते. आम्ही घरी एकट्याने बसून कडुलिंबाच्या आणखी दहा डहाळ्या काढल्या असत्या, तर शेंड्याचे पान दहाही वेळा जागच्या जागी बसले असते. म्हणून दुसऱ्याचा डोळा लागतो. परंतु तो दुसरा करतो काय, ह्यावर सर्व अवलंबून आहे. आपल्याकडे त्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. पहिली वाहवा, तिच्याविषयी लिहिण्यात जागा दवडण्याचे कारण नाही. दुसरी तऱ्हा अशी की, गुरुजी विद्यार्थ्याच्या हातची पेन्सिल घेतात व चित्र दुरुस्त करून देतात. आम्ही लहानपणी ज्यांच्यापाशी शिकलो ते गुरुजी ह्या दुसऱ्या पंथाचे होते. त्यांचा हात असा, की आमचे वेडेवाकडे वांगे दोन फटकाऱ्यांत राजबिंडे होई. ते आम्ही घरी नेऊन दाखवावे, घरच्यांनी आनंदित व्हावे, आणि पुढच्या आठवड्यात आमचे वांगे पुन्हा होते तसेच. त्यांनी वांगे सुधारले, आम्हांस नाही.

भडगावच्या ओसरीवर तिसरी तऱ्हा पाहावयास मिळाली. मास्तर कोणाच्याही कागदास पेन्सिल लावीत नाहीत. ते प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नसते, चित्र काढणाराजवळही नसते; ते वस्तूजवळ असते, व उठून तेथे जाऊन आणावे लागते. चित्र व वस्तू ह्यांच्या मध्ये उभे न राहता एका बाजूस उभे राहून वस्तूकडे बोट दाखविणे, एवढेच टीकाकाराचे काम, असा ह्या पद्धतीचा अर्थ आम्ही घेतो. हे काम दिसते तितके सोपे नाही. कोणता प्रश्न विचारावा हे कळण्यासाठी विचारणाराने ती वस्तू विद्यार्थ्याहून अधिक बारकाईने आधी पाहिलेली असावी लागते, आणि त्याहून कठीण म्हणजे, उत्तर ठाऊक असता गप्प बसावे लागते. आमच्यासारख्या बोलण्याचाच पगार घेणाऱ्यास हे दुसरे किती जड जाते ते अनुभवाने सांगतो.

आणि असा प्रश्न विचारावयास चित्रकलेची पदवीच हवी असेही नाही. एकदा केळीचे वाऱ्याने फाटलेले पान ठेवले होते. आमच्या कापड-दुकानदार मित्राने त्याच्या चिरा मोठ्या हौसेने काढल्या होत्या. इतक्यात रस्त्याने जाणारे एक वृद्ध शेतकरी ओट्याशी थांबले, चित्रे एकामागून एक पाहत गेले, आणि ह्या चित्रापाशी येऊन आपल्या अहिराणीत म्हणाले की, भाऊ, हे पान वाऱ्याने फाटलेले नाही, कात्रीने कापलेले आहे. दुकानदार जरा रागावले. पण पान जवळ आणून पाहिले तेव्हा म्हाताऱ्याच्या म्हणण्यातील मर्म कळले. केळीच्या पानात मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत बारीक शिरा एकमेकींना समांतर जातात. वारा पान फाडतो तो ह्या शिरांच्या वाटेने, आणि चीर दांड्यापाशी येऊन थांबते. दुकानदारांच्या चिरा मात्र शिरा ओलांडून वाटेल तशा आडव्यातिडव्या धावत होत्या. ज्याने केळीत जन्म काढला त्यास हे शिकवावे लागले नव्हते. धंद्याचा परिणाम असा चित्रात उतरतो, म्हणून आम्ही सर्व हसलो; दुकानदारही हसले, व त्यांनी नवा कागद घेतला.

असे असता आपल्याकडील चित्रकलेचे शिक्षण झाडापानांपासून इतके दूर का राहिले, ह्याचा विचार करू लागले म्हणजे १८५७ हे साल समोर येते. त्या साली सर जमशेटजी जीजीभॉय ह्यांच्या देणगीतून उभी राहिलेली कलाशाळा मुंबईस सुरू झाली. त्याच साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आणि त्याच साली लंडनमध्ये जॉन रस्किनचे 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रस्किन त्या सुमारास लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात कारागिरांस चित्रकला शिकवीत असे. विद्यार्थ्याने एक साधा गोटा समोर ठेवावा, फांदी घ्यावी, पान घ्यावे, असा त्याचा मार्ग. त्याचा सारा रोख हातापेक्षा डोळ्यावर. ह्याच्या उलट साऊथ केन्सिंग्टनची सरकारी पद्धत होती: आधी छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा, मग प्लॅस्टरच्या ठशांवरून नक्षी व छाया, आणि अशा पायऱ्या चढत चढत पुढे. आपल्या वाट्यास आली ती साऊथ केन्सिंग्टन. रस्किनही आला, नाही असे नाही. पण तो आमच्यासारख्यांच्या पाठ्यपुस्तकांत, इंग्रजी गद्यशैलीचा नमुना म्हणून. गोटा कोणी हाती घेतला नाही.

तथापि कलाशाळेस दोष देताना न्याय सोडू नये. कजगावास वा पाचोऱ्यास गाडीत बसून मुंबईस जाणारा मनुष्य ज्या स्थानकावर उतरतो त्याची इमारत १८७८ ते १८८८ ह्या दहा वर्षांत उभी राहिली. तेव्हाचे व्हिक्टोरिया टर्मिनस, आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. रचना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यांची; परंतु तिच्यावरील पाने, वेली, पक्षी, प्राणी ह्यांचे कोरीव काम बरेचसे ह्याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी, जॉन ग्रिफिथ्स ह्यांच्या देखरेखीखाली केले. खांबांच्या माथ्यावरील ती पाने ठशांवरून उतरविलेल्या परदेशी नक्षीसारखी निर्जीव नाहीत. त्यांत आपल्या इकडील झाडांची ओळख पटते. घाईने फलाटाबाहेर पडणाऱ्या लोकांत मान वर करून पाहणारे थोडेच, आणि आम्हीही त्या थोड्यांत गेल्या दोन वर्षांतच जमा झालो आहो. हेच ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ ह्या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात व तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत. त्यांच्या आधी हेच काम वर्षानुवर्षे एकट्याने केलेला रॉबर्ट गिल आमच्या खानदेशातच, भुसावळास, चिरनिद्रा घेत आहे. दोघांच्याही नशिबी आग होती: गिलच्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, आणि ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या बऱ्याचशा १८८५ साली साऊथ केन्सिंग्टनला जळाल्या. कागद व कापड गेले. भिंतीसमोर बसून जो डोळा तयार झाला होता तो, आमच्या समजुतीप्रमाणे, बोरीबंदरच्या दगडात थोडाफार शिल्लक आहे.

खेड्यापाड्यांपर्यंत जे पोचले ते मात्र हे नव्हे. तेथे पोचल्या त्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या परीक्षा. आज त्या राज्याच्या कला संचालनालयातर्फे होतात, हजारो मुले त्यांस बसतात, व उत्तीर्ण होणारास दहावीस वाढीव गुणांचा लाभ मिळतो. ह्या परीक्षा नसत्या तर आमच्या तालुक्यातील कित्येक शाळांतून चित्रकलेचा तास नावालाही उरला नसता, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. वस्तुचित्राच्या प्रश्नात घडा, पेला, पुस्तक ह्यांच्या सोबतीने एखादे फळ वा भाजीही येते. पण परीक्षेची तयारी कशी होते ते पाहावे. स्मरणचित्रासाठी पाणवठा, बाजार, सण असे ठराविक देखावे मुले आधीच घोटून ठेवतात. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेल्या गोष्टीचे स्मरण. येथे होते ते दुसऱ्याच्या चित्राचे स्मरण. भडगावच्या आठवड्याच्या बाजारातून दर आठवड्यास भाजी आणणारी मुलगी कागदावर जो बाजार काढते तो भडगावचा नसतो, कोठलाच नसतो. तिला गुण मिळतात. तिच्या आईबापांनी समाधान मानावे की काळजी करावी, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो.

ह्या सर्वावर दोन आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकले आहेत. पहिला असा की, समोरचे हुबेहूब काढणे ही पाश्चात्त्यांची कला; आपली कला ध्यानाची, कल्पनेची. हा वाद मुंबई व बंगाल ह्यांच्यामध्ये एके काळी फार गाजला. परंतु ज्या अजिंठ्याचे नाव घेऊन तो वाद खेळला गेला त्या अजिंठ्याने काय केले आहे? दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात हंसांची रांग आहे. हंस हा कविसंकेताचा पक्षी, दूध-पाणी वेगळे करणारा. त्या रांगेतील हंसही थेट तळ्यावरचे नव्हेत, नक्षीतले आहेत. पण एकाची मान दुसऱ्यासारखी वळत नाही, एकाचे पाऊल दुसऱ्यासारखे पडत नाही. ज्याने पक्षी चालताना पाहिले नाहीत त्यास ही कल्पना सुचणे शक्य नव्हते. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम ह्यांच्याबरोबर अजिंठ्यास येऊन राहिलेल्या बंगाली चित्रकारांत नंदलाल बोस होते. पुढे शांतिनिकेतनात त्यांनी विद्यार्थ्यांस झाडापानांपुढे बसविले, ह्यात आम्हांस विरोध दिसत नाही.

दुसरा आक्षेप आजचा: खिशात मोबाईल असता पान रेखाटण्याची उठाठेव कशास? ह्यास उत्तर द्यावयास लांब जावे लागत नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) इंग्लंडात चित्रकलेचे शिक्षण घेऊन आले आणि सारे आयुष्य चाळीसगावातील एका घरात राहून छायाचित्रे घेत राहिले. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांतून त्यांनी निसर्गदृश्ये उभी केली. यंत्र त्यांच्याही हाती होते. परंतु यंत्राने पाहावे व आपण मोकळे व्हावे असा व्यवहार त्यांनी केला नाही. मोबाईलने घेतलेल्या पानाच्या छायाचित्रातही शेंड्याची मोकळी जागा असते. ती आहे हे कळत मात्र नाही, कारण यंत्र प्रश्न विचारीत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगणे प्राप्त आहे. आम्ही पंचवीस वर्षे वर्गात एक गोष्ट सांगत आलो आहो. हार्वर्डच्या लुई अगासी ह्या प्राणिशास्त्रज्ञाकडे सॅम्युएल स्कडर नावाचा विद्यार्थी शिकावयास गेला. अगासीने त्याच्यासमोर एक मासा ठेवला व पाहावयास सांगितले. दहा मिनिटांत विद्यार्थ्याचे पाहणे संपले. गुरू मात्र पुन्हा पाहा म्हणे, आणि असे तीन दिवस चालले. कंटाळून विद्यार्थी मासा रेखाटू लागला, तेव्हा त्यास त्यातील नवे नवे विशेष दिसू लागले. स्कडरने ही हकीकत १८७४ साली लिहिली, व इंग्रजी शिकविणाऱ्या मंडळीत ती फार लोकप्रिय आहे. आम्ही ती रंगवून सांगत असू. विद्यार्थ्यांस आवडे. आम्ही स्वतः कधी मासा समोर ठेवून बसलो नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही, आमच्याही नाही.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गातील एका मुलीने 'उन्हाळ्यातील गिरणा' ह्या विषयावर निबंध लिहिला. त्यात तिने लिहिले होते की, नदीत पाणी नाही. वाळू उपसून नेणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांचे चर आहेत, खड्ड्यांत साचलेले पाणी हिरवे झाले आहे, आणि पुलाच्या खांबांवर गेल्या पुराच्या पाण्याची काळी रेघ माणसाच्या डोक्याच्या वर दिसते. आम्ही लाल शाईने ट्रॅक्टर खोडले व समासात 'अप्रस्तुत' असे लिहिले. हिरवे पाणी खोडले. खांबांवरच्या रेघेचे वाक्य सबंध खोडून त्या जागी नदी ही एखाद्या विरक्त तपस्विनीसारखी भासते, अशा अर्थाचे एक वाक्य आमच्या हाताने लिहून दिले. मुलगी हुशार होती. पुढच्या निबंधात तपस्विनी होती, त्यापुढच्यात रुपेरी वाळवंट आले, आणि वर्षअखेर महाविद्यालयाच्या निबंधस्पर्धेत तिला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षक आम्हीच होतो.

कडुलिंबाच्या रविवारानंतर आम्ही वार्षिक अंकातून तो बक्षिसाचा निबंध काढून वाचला. त्यात दोष दाखविण्याजोगे एकही वाक्य नव्हते, आणि तिचे असे एकही वाक्य नव्हते. गुरुजींच्या फटकाऱ्याचे वांगे आम्ही ओळखले. ती आता दुसऱ्या गावी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत आहे. दिवाळीत घरी आली असता भेटली, तेव्हा ती पहिली वही जपून ठेवली आहे काय असे आम्ही विचारले. वही रद्दीत गेली होती. आम्ही तो प्रश्न का विचारतो हे तिला कळेना. ती म्हणाली, "पण सर, तुम्ही लिहून दिले होते तेच बरोबर होते ना?"

आमच्या वाङ्मयात हा प्रकार नवा नव्हे. बालकवी आमच्या धरणगावचे. त्यांनी झरे, फुले, पहाट ह्यांवर लिहिले, आणि त्यांच्यामागून कितीतरी वर्षे मराठी कविता झरे, फुले व पहाट ह्यांनी भरून गेली. त्या मागून आलेल्यांपैकी पुष्कळांनी पहाट पाहिली नव्हती, बालकवी वाचले होते. परीक्षेतील स्मरणचित्राचाच तो प्रकार. उलट, असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांस लिहितावाचता येत नव्हते, म्हणून कोणाचे वाचून घोटण्याची त्यांस सोयच नव्हती. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा सुगरणीचा खोपा प्रत्येक विहिरीवर लोंबत असूनही तो आपण पाहिला नव्हता, हे आम्हां शिकलेल्यांच्या ध्यानात आले. निरक्षरतेचा गौरव करावा असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आमचे पोट साक्षरतेवरच चालते. पण तिच्याबरोबर येणारी ही एक व्याधी आहे, आणि ती आम्ही शिक्षकच वाटीत असतो.

ह्या वर्षी आम्ही निबंधांवर दुरुस्त वाक्ये लिहून देण्याचे बंद केले आहे. समासात फक्त प्रश्न लिहितो. हे पूर्वीच्या कामाहून दुप्पट वेळ खाते, कारण प्रश्न सुचावयास ती जागा स्वतः पाहून यावी लागते; गिरणेच्या पात्रात आम्ही ह्या उन्हाळ्यात जितके हिंडलो तितके गेल्या वीस वर्षांत हिंडलो नव्हतो. काही विद्यार्थी नाराज आहेत. सरांनी काही सांगितलेच नाही, अशी एका पालकांची तक्रारही आली. एका मुलाने नदीच्या सोनेरी वाळूचे वर्णन केले होते. आम्ही 'वाळूचा रंग कोणता?' एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला व म्हणाला, "सर, सकाळचा लिहू की दुपारचा?" आम्ही उत्तर दिले नाही.

रविवारचे बसणे चालूच आहे. पावसाळ्यात ओसरी गळते म्हणून मंडळी आत माजघरात बसतात आणि उजेड कमी पडतो. आमच्या कडुलिंबाच्या डहाळ्या आजवर चौदा झाल्या. शेंड्याचे पान आता बसत नाही. पाने पुढेमागे येतात, बाजू असमान निघतात. चौदाव्या चित्रापाशी मास्तर बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी विचारले, "सर, हे तिसरे पान दांड्याला नेमके कोठे लागले आहे?" आम्ही उठून पाहिले. चित्रात ते कोठेच लागलेले नव्हते.